बाबांचं द्राक्षासव

वैद्यांनी दिलेल्या बाटलीत साडेचारशे मिलिलिटर द्राक्षासव होतं. रोज सकाळी पंधरा, रात्री पंधरा. म्हणजे आज, दहा दिवसांनी, दीडशे उरायला हवं, असा वसुधाने हिशेब मांडला. नुकतीच बी.एस्सी. होऊन ती अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत लागली होती, म्हणून मुलुंडच्या घरातला हा तंटा तिच्याकडे आला होता.

"दुपारी मी रॉकेलच्या रांगेत उभी राहून घरी येते, तर यांच्या मिशीला द्राक्षासवाचा वास!" आई म्हणाली. "चोरून ढोसतात गं. मोज तू. कमी निघालं तर उद्यापासून काडेचिराइताचा काढा."

काढ्याचं नाव ऐकून बाबांचा चेहरा उतरला, पण लगेच त्यांनी छाती पुढे काढली.

"खुशाल मोज! थेंबभर जरी कमी निघालं, तर काढ्यावर कारल्याचा रसही पिईन."

वसुधाने प्रयोगशाळेतून आणलेलं काचेचं मोजपात्र ओट्यावर ठेवलं, त्यात बाटली शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. द्राक्षासव जरा फिकंच दिसत होतं. तिने वाकून, डोळा पातळीला आणून आकडा वाचला.



दोनशे दहा मिलिलिटर.