भरल्या गाडीची लय

“पिंपळापाशी उजवी घे, बाई,” असं गातच मंजुळाने स्टिअरिंग फिरवलं, आणि शेजारी बसलेले जुने चालक हणमंतअण्णा ओरडले, “थांब! उजवीकडं दरी आहे!”

ब्रेक करकचले. घाटातल्या धुक्यात पिंपळ कुठेच नव्हता. गाडीत चिपळूणच्या दवाखान्यासाठी ऑक्सिजनचे सिलेंडर होते. तिथला साठा दुपारपर्यंतच पुरणार होता.

“ओवी तर बरोबर म्हटली, अण्णा.”

“शब्द बरोबर. पण शिकलीस रिकाम्या गाडीवर. आज भरली गाडी चढावर रांगतेय, अन् तू आपली ओवीत पुढं पळतेयस!”

सौरवादळात उपग्रह जळाले, तेव्हापासून फोन वाट दाखवत नव्हता. नवे चालक रस्ते ओव्यांत पाठ करत. गाडीच्या वेगाने गायलं, तर ओवीत वळण आलं की रस्त्यातही यायचं, अशी ओव्यांची बांधणी होती.

“आता ताल मोडला. काय करू?”

“कीर्तनात ताल मोडला तर बुवा काय घरी जातो? इंजिन ऐक. तोच तुझा मृदंग.”

मंजुळाने गाडी पुन्हा रस्त्यावर सरळ केली आणि हळूहळू पुढे नेली. रस्त्याकडेला मारुतीचं देऊळ दिसताच तिथली ओवी धरली. आता इंजिन जेवढं ओढेल तेवढीच ती गाऊ लागली. पिंपळाचं नाव ओठांवर आलं आणि धुक्यातून पानं सळसळली. ती उजवीकडे वळली. समोर रस्ता मोकळा दिसत होता.

अण्णांनी शाबासकी दिली नाही. त्यांनी हातांनी टाळी धरली आणि झीलकऱ्यासारखे तिच्या मागून धृपद म्हणू लागले.