मोजलेलं अंतर

खाडीपलीकडे अणुवीज केंद्र उभं राहिल्यापासून चांगुणा मासळीच्या टोपलीवरून किरणं मोजायचं यंत्र फिरवल्याशिवाय चूल पेटवत नसे. ते कधी ओरडलं नव्हतं.

आज मुंबईहून परतलेला नवरा ओटीवर टेकला आणि यंत्र किंचाळू लागलं. आवाजाचा माग काढत ती थेट त्याच्या गळ्यापाशी पोचली.

"लांब हो गं," तो ओशाळला. "गळ्यातली गाठ जाळायला डॉक्टरांनी किरणांचं औषध पाजलंय. आठवडाभर कुणी जवळ यायचं नाही. तुला घोर नको म्हणून बोललो नाही."

"एकट्यानंच सोसलंत? मी काय मेले होते?"

यंत्र पुढं धरून ती पावलापावलानं मागं सरकली. अंगणात, वाळत घातलेल्या जाळ्यापाशी, ते गप्प झालं. तिथंच तिनं चटई अंथरली.

"हं, आता पहिल्यापासून सांगा."