बादलीतला नैवेद्य

जरा जवळ सरका मंडळी, आपल्या इंदूरच्याच रामनवमीची गोष्ट ऐकवते.

कीर्तनात रामजन्म झाला, पाळणा हलला. कचरागाडीवरचा गेंदालाल सकाळपासून उपास धरून मागे बसून ऐकत होता. छप्पन भोगांसमोर येऊन त्याने प्रसादासाठी हात पुढे केला.

“थांब भिया, आधी प्रमुख पाहुणे,” आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष सुहासिनीताई म्हणाल्या. “ते आल्याशिवाय ताट मोडायचं नाही.” आम्ही बाकीच्यांनी ताटांवर जाळ्या झाकल्या.

पाहुणे संध्याकाळी आले, फोटो काढून न खाताच गेले. चैत्राच्या उन्हात तोवर बासुंदी नासली, भाताला तार सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडी आली. नाकाला पदर लावून मी नासलेल्या नैवेद्याची बादली पुढे केली. “गीला कचरा है, भिया.”

गेंदालालने त्या आंबलेल्या बरबटीत हात घातला. माशा उठल्या. तुळशीचं एक पान काढून त्याने बाटलीतल्या पाण्याने धुतलं, कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं.

“शी! हे काय करतोस रे?” मी बादली मागे ओढली.

“उपास छोड़ रिया हूँ, काकीजी. कल परसाद नी मिला था ना.”

पुढच्या वेळी नैवेद्यावर तुळस ठेवाल, तेव्हा आमच्या गेंदालालला तेवढं आठवा.