बझरवरची चिकटपट्टी

डॉक्टरबाई चार वाजता येणार होत्या आणि पावणेचार झाले तरी मशीन बोंबलतच होतं. दर चार सेकंदांनी एक बारीक, टोकदार शिट्टी. बायकोनं जिन्यातून वर डोकावून पाहिलं. नवरा गच्चीवर सोलरचं पॅनल पुसत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं. अकरा दिवस ही शिट्टी ती एकटीच ऐकत होती.

मशीन म्हणजे एका ऑफिसनं भंगारात काढलेला यूपीएस. वीज गेली की कॉम्प्युटर दहा मिनिटं तगावेत, एवढीच त्याची लायकी. नवऱ्यानं त्याला मोठी बॅटरी जोडली, थंड राहायला पंखा बसवला आणि गच्चीवरच्या पॅनलशी त्याची गाठ घालून दिली. आता घरातले दिवे, पंखे, फ्रीज सगळं त्यावर चाले. पण त्या खुळ्याला दिवसभर वाटायचं की वीज गेली आहे, आणि ते बोंबलून सांगायचं. त्यावरही नवऱ्यानं इलाज केला. आतल्या बझरवर चिकटपट्टीचे तीन थर दिले, डब्याला कान लावला आणि म्हणाला, "बघ, एकदम गप्प."

ती "हो" म्हणाली. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

आता सांगणार तरी कसं? तीस वर्षं हा माणूस कानावर जगला होता. मशीनच्या डब्याला कान लावायचा आणि न उघडता सांगायचा, पंखा अडखळतोय, एक स्क्रू सैल आहे. ऑफिसात त्याला सगळे कानसेनच म्हणत. अलीकडे ती स्वयंपाकघरातून चहासाठी तीन तीन हाका मारायची, शेवटी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची, तेव्हा तो वर बघायचा. "कामात होतो गं," म्हणायचा. तेही ती मान्य करायची.

आणि आज डॉक्टरबाई. त्यांच्या सात दवाखान्यांत लसींचे फ्रीज होते आणि वीज बेभरवशाची. मशीन पसंत पडलं तर सात जागी बसवायचं होतं. रिटायर झाल्यापासून कानसेनला कुणी बोलावलं नव्हतं. तो आठवडाभर नवीन पेन खिशाला लावून हिंडत होता. 'किती शांत चालतं बघा,' असं तो म्हणणार आणि मशीन त्याच्या तोंडावर शिट्टी मारणार.

तिनं मशीन बंद केलं. त्यानं हजारदा बजावल्याप्रमाणे आधी बॅटरीची तार काढली. चार स्क्रू, मग झाकण. पट्टी सोलली, बझर पकडीत धरला आणि पिरगाळून उपटला. सगळं होतं तसं लावून बटण दाबलं. दिवे लागले. घर इतकं शांत झालं की तिलाच कसंसं वाटलं. बझर तिनं शिवणाच्या डब्यात टाकला.

डॉक्टरबाई वेळेवर आल्या. मशीनभोवती एक चक्कर मारली, फ्रीज उघडून पाहिला, खूश दिसल्या.

"किती शांत चालतं बघा," कानसेन म्हणाला.

"तेच विचारणार होते. बॅटरी संपत आली तर? लसी खराब झाल्यावर कळून काय उपयोग? काहीतरी वाजायला हवं."

"वाजतं ना, बॅटरी उतरली की सलग वाजतं. मीच तोंड बांधलंय त्याचं. पट्टी काढली की झालं."

तिला वाटलं, चहा सांडावा, काहीतरी करावं. तोवर त्यानं तार काढून झाकण उघडलं होतं. पट्टी नव्हती. बझरच्या जागी त्याचे तारेचे दोन वाकडे पाय तेवढे उरले होते. तो वाकून बघत राहिला. हे त्याच्या हातचं काम नव्हतं, आणि घरात तिसरं माणूस नव्हतं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती आत गेली, बझर घेऊन आली आणि त्याच्या हातावर ठेवला.

"वाजत होता?"

"हो."

"किती दिवस?"

"अकरा."

डॉक्टरबाई उगाच घड्याळाकडे बघू लागल्या. त्यानं बझर बोटांत फिरवला, पेनशेजारी खिशात टाकला.

"बाई, नवीन बसवून देतो," तो म्हणाला. "पण वाजतो की नाही ते हिला विचारत जा. मला ऐकू येत नाही."

पंखा गेलाय, बदलावा लागेल, असं सांगावं त्याच आवाजात त्यानं हे सांगितलं. तिच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

"मग बसवायला दोघंही या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि सोबत लाल दिवाही लावा. आमच्याकडे ऐकू येऊनही न ऐकणारे पुष्कळ आहेत."

त्या गेल्यावर तो संध्याकाळभर तारा घेऊन बसला. रागावलाय, असं धरून ती त्याच्या वाटेला गेली नाही. जेवण झाल्यावर तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वयंपाकघरात आला, ओट्याशेजारी दाराच्या बेलचं जुनं बटण बसवलं, तार भिंतीकडेनं आपल्या टेबलापर्यंत नेली आणि झोपायला गेला.

सकाळी चहा झाला. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि बटण दाबलं. बाहेरच्या खोलीत टेबलावर इवलासा लाल दिवा लागला.

"आलो," तो म्हणाला.

तिनं बटणावरचं बोट लगेच काढलं नाही.