मानाचा पेटा

कोंबडीच्या पोटातला पेटा घरच्या कर्त्या पुरुषानेच खावा, हा बुकुसू जमातीतल्या त्या घराण्याचा पुरातन दंडक होता. आणि सुनेने सासऱ्यांसमोर येऊ नये, हा दुसरा. म्हणून सातव्या महिन्यात पाणी भरताना घेरी येऊन पडलेली नामाल्वा, तिच्याचसाठी घरी आलेल्या नर्सचे बोलणे स्वयंपाकाच्या झोपडीतून, कुडाआडून श्रवण करीत होती.

"बाबा, पोरीच्या अंगात प्रोटीन नाही. नुसत्या रश्श्यावर बाळ कसं वाढायचं? कोंबडी खाऊ घाला तिला."

"प्रोटीन म्हणजे ताकदच ना?" सासरे मुलोंगो यांनी विचारले. "मग ती पेट्यात असणार. आमचे वाडवडील काय उगाच खात आले?"

"पेटा तो केवढासा, बाबा! खरी ताकद छातीच्या मांसात. ते द्या तिला."

मुलोंगो बराच वेळ गंभीर मुद्रेने विचार करीत राहिले.

रविवारी कोंबडी कापली गेली. शिजलेली हंडी सासूबाई मोठ्या घरात घेऊन गेल्या आणि नामाल्वा चुलीपाशी आतुरतेने आपल्या वाट्याची प्रतीक्षा करू लागली. काही वेळाने सासूबाई झाकलेला वाडगा घेऊन परतल्या, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"नशीब काढलंस गं पोरी! या घरात कुठल्या बाईला असा मान मिळाला नव्हता."

नामाल्वाने झाकण काढले. आत पेटा होता.



"हे म्हणाले, पोरीसाठी आजपासून मी छातीवरच भागवीन."