न भरणारी टाकी

शेजारच्या काकूंच्या अंगणात खेळणारी, त्यांच्याच विहिरीचं पाणी पिणारी बिट्टी जुलाबांनी पुन्हा सलाईनवर गेली, तेव्हा तिच्या आजोबांचा संयम सुटला.

"वहिनी, तुमची सेप्टिक टाकी विहिरीत झिरपतेय!" ते कुंपणापाशी जाऊन ओरडले. "आमची बघा. वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. याला म्हणतात बांधकाम!"

"दर दोन-तीन वर्षांनी टँकर बोलावून उपसून घेतो आम्ही, आणि वर गळती आमचीच का?" काकूंनीही सुनावलं. "करा ना तपासणी, कोण नाही म्हणतंय?"

बिट्टीची आई प्रयोगशाळेत कामाला होती. तिने तिथून दोन निरुपद्रवी रंग आणले. काकूंच्या संडासात लाल ओतला आणि घरच्या संडासात हिरवा.

"आपल्याकडे कशाला वाया घालवतेस गं?" आजोबा सुनेला म्हणाले.

"दोन्हीकडे टाकल्याशिवाय कळणार कसं, बाबा?"

पुढचे काही दिवस विहिरीला कोणी हात लावला नाही. मग एका सकाळी दोन्ही घरं काठाशी जमली. बिट्टी अजून दवाखान्यातच होती. काकूंनी बादली सोडली आणि दोर ओढायला लागल्या.

"लालच असणार," आजोबा पुटपुटले आणि पुढे वाकले.

बादली वर आली.



वीस वर्षं कधीच न भरलेली आपली टाकी कुठे रिकामी होत होती, ते त्यांना त्या हिरव्या पाण्यात दिसलं.