टायरमधला वारा

चंद्रावरच्या संग्रहालयातलं जुनं लढाऊ विमान दुरुस्त करताना मृण्मयीनं स्क्रू न् स्क्रू बदलला, पण पुढच्या टायरला हात लावला नव्हता. त्यात अजून नाशिकजवळच्या ओझरला भरलेली हवा होती. आज तोही बदलायचा होता, म्हणून तिनं मूळच्या ओझरच्याच असलेल्या आईला बोलावून घेतलं. चंद्रावरच्या कमी गुरुत्वाकर्षणात वर्षानुवर्षं राहून हाडं ठिसूळ झाल्यामुळे आईला आता पृथ्वीवर परतता येणार नव्हतं.

मृण्मयीनं व्हॉल्व्ह सैल केला. वारा कधीच न वाहणाऱ्या त्या घुमटात आईच्या पांढऱ्या बटा उडाल्या. तिनं डोळे मिटले.

"द्राक्षबागांवरून येतोय गं," ती पुटपुटली.

विमान हळूहळू नाक खाली घालू लागलं. एकाएकी आईनं व्हॉल्व्हवर अंगठा दाबला.

"पुरे. उरलेला राहू दे."

"अगं, टायर बदलायचाय."

"नको बदलूस. तुझीही हाडं उद्या ठिसूळ होतीलच की."